स्लॅबला किती पोती?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिक अंकात सिमेंट-वाळूवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. दहावीनंतर गणिताशी माझा संबंध सुटला होता आणि तो सुटल्याचे दुःखही नव्हते. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या घराचा स्लॅब पडला, त्याचा हिशेब माझ्या गळ्यात आला, आणि त्या दोन महिन्यांत मी जे शिकले ते इतर कोणाच्या तरी उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेख लिहीत आहे. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारख्या खेड्यातून येणाऱ्या मुला-मुलींची संख्या मोठी आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या हा प्रश्न निघणारच.

आमचे गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात आहे. घर माळवदाचे. जाड दगडी भिंती, वर लाकडी सर आणि त्यावर दीड फूट माती. उन्हाळ्यात असे घर फार गार असते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा अशाच घरांनी माणसे गाडली. मी तेव्हा जन्मलेली नव्हते. आजी मात्र अजूनही पावसाळ्यात रात्री कूस बदलताना वर बघते. म्हणून घर बदलायचे हे आमच्याकडे फार दिवसांपासून ठरलेले होते, पैसा तेवढा जमत नव्हता. अण्णा आडत बाजारात हमाली करतात, दोन एकर कोरडवाहू आहे, आणि आई बचत गटात आहे. गटाचे कर्ज, दोन वर्षांचे सोयाबीन आणि अण्णांची साठवण असे मिळून भिंती आणि खांब उभे राहिले. उरलेल्या पैशांत स्लॅब बसवायचा होता.

हिशेब माझ्याकडे का आला, तेही सांगितले पाहिजे. आमच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, आमच्या आधी सहा वर्षे स्लॅब टाकला होता. त्यांच्या ठेकेदाराने नजरेच्या अंदाजाने सिमेंट आणवले. दिवस मावळताना माल संपला आणि स्लॅबचा चौथा हिस्सा उघडाच राहिला. सिमेंट दुसऱ्या दिवशी आले नाही, तिसऱ्या दिवशी आले. उरलेला भाग तेव्हा भरला. वरून सारखे दिसत होते. पण पहिल्याच पावसाळ्यात स्वयंपाकघरावर आडवी ओल उमटली, अगदी सुतळी धरून मारल्यासारखी सरळ. वाळलेल्या काँक्रीटला ताजे काँक्रीट एकजीव चिकटत नाही, आणि तिथून पाणी वाट काढते. तात्यांनी त्यावर डांबर ओतले, रसायने लावली, तरी दर आषाढात काकू चुलीजवळ पातेले मांडतात. ती रेघ अण्णांच्या डोक्यात बसली होती. एका रात्री जेवताना ते म्हणाले, "तू कॉलेजात जातीस. किती पोती लागतील ते काढ. माल मधीच संपला नाही पायजे, अन् उरून बी वाया गेला नाही पायजे."

मी मोठ्या आत्मविश्वासाने वही घेतली. घराची लांबी बाहेरून बाहेर २५ फूट, रुंदी २० फूट, स्लॅबची जाडी ५ इंच. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची हे सूत्र सातवीतले. उत्तर आले २५००. पंचवीसशे काय, हे कळेना. थोड्या वेळाने ध्यानात आले की दोन मापे फुटांत आणि तिसरे इंचांत घेतले होते. पाच इंच म्हणजे ५ भागिले १२ फूट. पुन्हा केले तेव्हा २०८ घनफूट आले. आपल्याकडे १०० घनफुटांना एक ब्रास म्हणतात, म्हणजे दोन ब्रासहून थोडे अधिक. काँक्रीटचे प्रमाण १ : १½ : ३, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी, एकूण साडेपाच भाग. २०८ ला साडेपाचने भागले की सिमेंट ३८ घनफूट. पन्नास किलोच्या एका पोत्यात साधारण सव्वा घनफूट सिमेंट असते. म्हणजे एकतीस पोती. मी वही अण्णांपुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी तो आकडा मिस्त्रींना सांगितला. मिस्त्री विटेवर बसून तंबाखू मळत होते. ते हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. "एकतीस पोत्यांत तुमची मोरी हुईल, ताई," एवढेच म्हणाले. मग बोटे मोजली आणि म्हणाले, "सत्तर धरा."

माझी एकतीस आणि त्यांची सत्तर! मला राग आला. मनात वाईटही आले की मिस्त्री आणि दुकानदार यांचे काही आतून असेल. "सत्तर कसे?" म्हणून विचारले तर त्यांनी सांगितले की आमच्या बाजूला बीमसकट स्लॅबला शंभर फुटाला साडेबारा पोती लागतात. म्हणजे शंभर चौरस फुटांना. पण का लागतात, ते त्यांना सांगता येईना. त्यांच्या वडिलांपासून तसेच चालत आले होते. उरलेली एकोणचाळीस पोती कुठे दडली आहेत ते शोधायचे, असे मी ठरवले.

पहिली सोळा पोती पोकळीत सापडली. माझा एक मावसभाऊ पॉलिटेक्निकला आहे. त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अगं, तू ओल्याचं माप काढलंस. कोरड्या मालाला ते १.५४ ने गुणायचं असतं." पाठ करून ठेवण्यासारखा आकडा मिळाला, पण समाधान झाले नाही. गुणायचे कशासाठी? तेव्हा मी घरातच एक प्रयोग केला. दोन मापटी हरभरे एका डब्यात ओतले, त्यावर एक मापटे राजगिरा ओतला आणि डबा हलवला. दोन आणि एक तीन मापटी व्हायला हवी होती. डब्यातला माल पुन्हा मोजला तर सव्वादोन मापटीच भरला. राजगिरा हरभऱ्यांच्या मधल्या फटींत जाऊन बसला होता. खडी, वाळू आणि सिमेंट यांचे असेच होते. खडीच्या फटींत वाळू, वाळूच्या फटींत सिमेंट, आणि पाणी पडले की सगळेच आणखी दबून बसते. म्हणून एक घनफूट घट्ट काँक्रीट हवे असेल तर सुटा माल मिळून दीड घनफुटाहून थोडा अधिक घ्यावा लागतो. (आईला हा प्रयोग मुळीच आवडला नाही. हरभरे आणि राजगिरा चाळणीने वेगळे करण्यात माझी सबंध दुपार गेली.)

तर २०८ ला १.५४ ने गुणले की ३२० घनफूट कोरडा माल, त्याचे साडेपाच भाग, त्यातला सिमेंटचा भाग ५८ घनफूट, आणि पोती सत्तेचाळीस. एकतीसवरून सत्तेचाळीसवर आले.

दुसरा घोळ मला अधिक लागला, कारण तो नुसत्या अज्ञानाचा नव्हता, निष्काळजीपणाचा होता. मी स्लॅब म्हणजे वरची फरशीसारखी सपाट चकती एवढेच धरले होते. तिच्याखालचे बीम मी विसरलेच! आणि आमच्या भागात घर बांधताना जर काही विसरू नये तर ते बीम. नकाशा करून देणाऱ्या अभियंत्यांनी खांब आणि बीम लोखंडाने एकमेकांत बांधायला सांगितले होते, ते भूकंपासाठीच. जमीन हलली तर घर एका पेटीसारखे एकत्र हलावे, भिंती एकीकडे आणि छप्पर दुसरीकडे असे होऊ नये.

आमच्या घराला लांबीकडून तीन आणि रुंदीकडून तीन बीम आहेत. प्रत्येक बीम ९ इंच रुंद आणि १५ इंच खोल. परंतु या १५ इंचांतले वरचे ५ इंच स्लॅबच्या जाडीतच येतात. ते आपण आधीच मोजलेले असतात, म्हणून बीमची खोली १० इंचच धरायची. तसेच जिथे दोन बीम एकमेकांना छेदतात तो चौकोनही दोनदा मोजला जाऊ नये. मी तिन्ही लांब बीम पूर्ण धरले, ७५ फूट, आणि आडव्या बीममधून छेदाच्या जागा वजा केल्या तेव्हा ते ५३ फूट भरले. १२८ फूट लांबी, पाऊण फूट रुंदी, १० इंच खोली. याचे ८० घनफूट झाले. अठरा पोती इथे होती. दारापुढे तीन फूट छज्जा बाहेर काढलेला आहे, २० फूट लांब आणि सरासरी ४ इंच जाड. त्याचे २० घनफूट म्हणजे साडेचार पोती.

सगळे मिळून ३०८ घनफूट काँक्रीट. गुणिले १.५४ म्हणजे ४७४. सिमेंट ८६ घनफूट, म्हणजे एकोणसत्तर पोती. वाळू १२९ घनफूट, म्हणजे १.३ ब्रास. खडी २५९ घनफूट, म्हणजे २.६ ब्रास.

एकोणसत्तर! मिस्त्रींनी बोटांवर सत्तर सांगितले होते. आमचे छत छज्ज्यासह ५६० चौरस फूट होते आणि शंभराला साडेबारा म्हणजे बरोबर सत्तर. मी त्यांच्याविषयी मनात जे आणले होते त्याची मला लाज वाटली. ते त्यांना सांगितले नाही, पण त्या दिवशी चहा मीच नेऊन दिला.

मात्र मिस्त्रींचे बोट आणि माझी वही यांत एक फरक आहे, आणि तो सांगितला पाहिजे. साडेबाराचा ठोकताळा आमच्यासारख्याच घराला लागू पडतो. बीम कमी असतील किंवा स्लॅब चार इंची असेल तर तो जास्त होतो. बीम खोल असतील तर कमी पडतो. नुसता पाच इंची सपाट स्लॅब असेल तर शंभर चौरस फुटांना साडेनऊ पोतीच पुरतात. मिस्त्री एका तऱ्हेची घरे आयुष्यभर बांधत आले म्हणून त्यांचा अंदाज अचूक आहे. तात्यांचा ठेकेदार दुसऱ्या गावचा होता.

अण्णांनी आकडे ऐकून एकच प्रश्न विचारला. "चार इंचावर भागणार नाही का?" मी हिशेब करून दाखवला. एक इंच कमी केला तर नऊ पोती वाचतात. पोते आम्हाला ३७० रुपयांना पडत होते, म्हणजे सिमेंटचे तीन हजार तीनशे तीस रुपये. अण्णांच्या सहा-सात दिवसांच्या हमालीचा पैसा. ते बराच वेळ गप्प होते. शेवटी नकाशावर जे लिहिले आहे तेच करायचे ठरले. जाडी आणि लोखंड या दोन गोष्टी अभियंत्याच्या आहेत, त्यांत आपण काटछाट करू नये. लोखंडाविषयी म्हणूनच मी येथे काही लिहीत नाही. तो हिशेब नकाशावरूनच निघतो.

आजीला वेगळीच शंका होती. "येवढा दगुड डोक्यावर घ्यायचा?" तिचे म्हणणे बरोबर होते. लोखंडासह काँक्रीटचा एक घनफूट सुमारे ७० किलो भरतो, म्हणजे आमचा स्लॅब, बीम आणि छज्जा मिळून एकवीस टनांच्या वर. पण मग मी तिला माळवदाचा हिशेब सांगितला. एक घनफूट दाबलेली माती साधारण ५० किलो, दीड फूट थर, म्हणजे दर चौरस फुटाला ७५ किलो. पाच इंची स्लॅब मात्र दर चौरस फुटाला ३० किलोच. "म्हंजी आजवर यापेक्षा जड डोक्यावर हुतं?" असे म्हणून ती उठली आणि त्या रात्री अंगणात झोपली.

आता मालाविषयी. पोती मोजून घेता येतात. वाळू आणि खडी यांचे तसे नाही, आणि फसगत होते ती इथे. आमच्याकडे हा माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने येतो आणि एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास असे धरून पैसे घेतात. खडीच्या तीन ट्रॉल्या सांगितल्या होत्या. माझ्या हिशेबाने २.६ ब्रास हवी, तीन येणार, म्हणजे निश्चिंत. पहिली ट्रॉली रिकामी करण्याआधी मी सहज टेप लावली. लांबी साडेनऊ फूट, रुंदी साडेपाच फूट, खडीची सरासरी उंची दीड फूट. गुणाकार ७८ आला. एक ब्रास म्हणून आलेला माल पाऊण ब्रासहून थोडाच जास्त होता! तिन्ही ट्रॉल्या मिळून २३५ घनफूट, आणि लागणार होते २५९. तसेच चालू दिले असते तर सिमेंट शिल्लक असूनही तात्यांच्यासारखाच कोपरा उघडा राहिला असता. ट्रॉलीवाल्याशी भांडण झाले. "सगळे असंच घेतात," हे त्याचे उत्तर. अण्णांनी चौथी ट्रॉली सांगितली आणि दर थोडा उतरवून घेतला. वाचकांनी एवढे करावे की ट्रॉलीची आतली मापे घेऊन ठेवावीत आणि माल वरून सपाट करून मगच उंची मोजावी. ढिगाचे टोक मोजू नये.

वाळूची गंमत आणखी निराळी आहे. आता नदीची वाळू सहजासहजी मिळत नाही, आम्ही दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू घेतली. वाळू दमट असली की फुगते. कणाभोवती पाण्याची पातळ साय धरते आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. याची परीक्षा सोपी आहे. सरळ उभ्या डब्यात दमट वाळू २० सेंटिमीटर भरली, मग त्यात पाणी ओतून काडीने ढवळले आणि बसू दिले. वाळू १६ सेंटिमीटरवर आली. म्हणजे पाटी भरून टाकली तरी त्यात खरी वाळू चार-पंचमांशच होती. आमची १२९ घनफुटांची गरज त्या हिशेबाने १६१ वर गेली, आणि मागवलेल्या दोन ट्रॉल्या होत्या १५७ च्या. तेव्हा वाळूही अर्धी ट्रॉली वाढवली. पूर्ण कोरडी किंवा पाण्यात बुडालेली वाळू फुगलेली नसते, मधल्या ओलीत ती फसवते.

शहरात तयार काँक्रीट गाडीतून येते. तिथे मात्र १.५४ ने गुणायचे नाही, कारण तो माल ओलाच मिळतो. तो घनमीटरवर विकतात आणि एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. आमचे ३०८ घनफूट म्हणजे पावणेनऊ घनमीटर झाले असते. आमच्या गल्लीत तेवढी मोठी गाडी वळली नसती, ही गोष्ट वेगळी.

सांडलवंड, मिक्सरला चिकटलेला माल आणि सेंट्रिंगच्या फटीतून जाणारे पाणी यांसाठी शेकडा चार-पाच जास्त धरतात. आम्ही बहात्तर पोती आणली आणि जमिनीपासून वर, फळ्यांवर रचली. रचली अण्णांनी. पोत्याची थप्पी कशी लावावी हे त्यांना कोणी शिकवायला नको.

स्लॅबचा दिवस उजाडला. सकाळी सातला टोळी आली, आठला मिक्सर सुरू झाला. एका फेरीला एक पोते असे ठरवले होते, कारण त्यामुळे वाळू-खडीचे माप चुकत नाही आणि फेऱ्याही मोजल्या जातात. रिकामी पोती अण्णा पाच-पाचच्या घड्यांनी भिंतीशी ठेवत होते. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचा तो जमाखर्च माझ्या वहीपेक्षा पक्का होता. पाण्याकडे मी लक्ष ठेवले. भारतीय मानक ४५६ (सन २०००) प्रमाणे या प्रतीच्या काँक्रीटला एका पोत्यामागे ३० लिटरपेक्षा अधिक पाणी घालू नये. टोळीला माल पातळ आवडतो, कारण तो सहज पसरतो. पण पाणी जास्त झाले की काँक्रीटची ताकद जाते. वाळू दमट असल्याने तिच्यातले पाणीही धरायचे होते, म्हणून आम्ही बादली आणखी उणी ठेवली. यावरून दोनदा कुरकुर झाली.

दुपारी बारा वाजता जे घडले ते या लेखाचे खरे कारण आहे. अण्णांनी घड्या मोजल्या. तीस पोती संपली होती. आणि वर पाहिले तर स्लॅबचा तिसरा हिस्साच भरला होता. एक-तृतीयांशाला तीस, तर सगळ्याला नव्वद! अण्णांचा चेहरा उतरला. मला माहीत होते की त्यांना तात्यांच्या स्वयंपाकघरातली रेघ दिसत होती. औशाहून पोती आणायला गाडी पाठवावी, तर दुपारी दुकान उघडे असेल की नाही, आणि पैसे कोठून आणायचे. टोळीचा मुकादम म्हणाला, "पुढं थोडं बारीक करत जाऊ. अर्धा इंच कुणाला दिसतंय?" त्याचेही खोटे नव्हते. ५६० चौरस फुटांवर अर्धा इंच म्हणजे पाच पोती. उरलेल्या भागात आणखी बारीक केले असते तर अजून वाचली असती, आणि कोणालाही दिसले नसते.

मी जिन्यावर बसून पुन्हा हिशेब मांडला. हात थरथरत होता हे कबूल करते. कामाची सुरुवात मागच्या बाजूने झाली होती आणि बीम स्लॅबच्या पुढे पुढे भरत चालले होते. वर दिसतो तो स्लॅब. बीम भरले की दिसत नाहीत, ते खाली जातात. म्हणजे तीस पोत्यांत एक-तृतीयांश स्लॅबची सोळा आणि जवळजवळ पाऊण बीमची तेरा-चौदा होती. आता राहिले काय? दोन-तृतीयांश स्लॅबची एकतीस, उरल्या बीमची पाच, छज्ज्याची साडेचार. एकूण साडेचाळीस. आणि थप्पीत पोती होती बेचाळीस.

मी ते अण्णांना वाचून दाखवले. त्यांना आकडे किती पटले ते मला ठाऊक नाही. ते थप्पीजवळ गेले, हाताने बेचाळीस पोती पुन्हा मोजली, आणि मुकादमाला म्हणाले, "बारीक करायचं नाही. पोरीनं काढलंय, पुरतं." मग मिस्त्रींनी एका सळईला पाच इंचांवर दोरा बांधून दिला आणि ती ओल्या काँक्रीटमध्ये खुपसून जाडी पाहायचे काम मला सांगितले. एका ठिकाणी, मधल्या खोलीवर, साडेपाच इंच लागले. खालची फळी बसली होती. मिस्त्रींनी खाली जाऊन टेकू ठोकला, मुकादम मात्र काही बोलला नाही.

चारच्या सुमारास छज्जा धरला. साडेपाचला मिक्सर धुतला. अण्णांच्या घड्या मोजल्या तेव्हा एकाहत्तर भरल्या. माझ्या एकोणसत्तरांवर दोन गेली, ती बसलेल्या फळीने आणि सांडलवंडीने खाल्ली असावीत. एक पोते उरले. त्यातून आईने मोरीचा कट्टा करून घेतला, तेव्हा मिस्त्रींना ते पहिले वाक्य आठवले की नाही कोण जाणे. ते हसत होते खरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरले. ते पाणी हटू द्यायचे नसते. आम्ही दोन आठवडे राखले आणि तोवर खालचे टेकूही हलवू दिले नाहीत. शेजारची मुले होड्या सोडायला वर येत, त्यांना हाकलणे हे आजीने आपण होऊन पत्करलेले काम होते.

पाऊस मृगात पडला नाही, आर्द्रात पडला, आणि चांगला पडला. तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी आले. चहा होईपर्यंत ते तिन्ही खोल्यांतून मान वर करून हिंडले. कुठे काही दिसले नाही. मग बैठकीत बसून त्यांनी खिशातून एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. त्यांना दारापुढे काँक्रीटचा ओटा करायचा आहे. कागदावर लिहिले होते : लांबी १४ फूट, रुंदी ६ फूट. जाडी लिहायची राहिली होती.